पूर्ण खाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत उन्हाळी इंटर्नशिपला आम्ही दोघी मराठी मुली होतो. मी पुण्याची, नोएडाला मावशीकडे उतरलेली. केतकी जन्मापासून दिल्लीची, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. तिचं मराठी म्हणजे हिंदीलाच नऊवारी नेसवलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "माझी सगळी शिक्षा दिल्लीतच झाली." मी पोट धरून हसले. तीही हसली, बिचारी. मग तिचे असे शब्द पकडायची मला चटकच लागली.

पण कामात? कामात ती माझ्या कितीतरी पुढे. आणि सर हिवाळ्यातल्या प्रोजेक्टला एकीलाच ठेवणार होते. पोटात दुखत होतं माझ्या, दुसरं काय!

आमच्या टेबलाखाली एक निळा डबा असायचा. वापरलेलं ॲसिटोन त्यात ओतायचं, मग कधीतरी तो रिकामा करून धुवायचा, की दुसरं काही ओतायला मोकळा. ॲसिटोनमध्ये ॲसिड गेलं तर डबा फुटेल, हे सरांनी दोघींनाही बजावलं होतं. त्या दुपारी बाहेर लू सुटलेली, कूलर नुसताच घरघरत होता. केतकीच्या हातात वापरलेल्या ॲसिडचं भांडं. तिनं विचारलं, "तो निळा डबा?" मी मान वर न करता म्हटलं, "खाली आहे."

मराठीत खाली म्हणजे खाली. हिंदीत — रिकामा.

एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं ॲसिड ओतलं, झाकण घट्ट लावलं. डबा फुगला, फुटला. केतकीचा डावा डोळा गेला. चौकशीत मी रडत रडत सांगितलं — मी टेबलाखाली म्हणत होते हो, तिला रिकामा वाटला! सगळ्यांना पटलं. हॉस्पिटलात तिच्या आईनं उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "तुझा काय दोष गं? आम्हीच हिला धड मराठी शिकवलं नाही."

पण — ओतण्याआधी केतकी आणखी एक वाक्य बोलली होती. ते मला कुणी विचारलं नाही. तिला स्वतःला तर त्या दुपारचं फारसं काही आठवतच नव्हतं.

"अच्छा... पूर्ण खाली ना, यार?"

पूर्ण टेबलाखाली असं कुणी विचारतं का? तिचे शब्द पकडण्यात मी पटाईत, नाही का? मला त्याच क्षणी कळलं.

मी म्हटलं, "हो." आणि चहाला जाते सांगून बाहेर पडले. दार ओढून घेतलं.

हिवाळ्यात सरांनी मला ठेवलं.

आता मी गुरुग्रामला असते. केतकी येते घरी. माझ्या लेकीला ती गोष्ट रंगवून सांगते — "तुझ्या आईचं मराठी नि माझी हिंदी!" — आणि मान वळवून, उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत हसते. मीही हसते. दर वेळी.

परवा लेकीनं मध्येच विचारलं, "मावशी, मग तू तिला परत एकदा विचारलं का नाहीस?"

केतकी हसायची थांबली. कपाळाला आठी पडली.

"विचारलं होतं... बहुतेक," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली.

मी चहा ठेवायला उठले.