पान कुणाचं, चूक कुणाची

उडालेली फाइल परत कशी आणायची, हे सांगणारं पान वाचून तुम्ही कधी स्वतःची लाज वाचवली असेल. ते पान लिहिलं कुणी, असं कधी विचारलंत? नाही ना? मीही नव्हतं विचारलं.

ते लिहिणारीला ऑफिसात ‘स्वल्पविराम’ म्हणायचे. एका स्वल्पविरामापायी ती मॅनेजरशी अर्धा दिवस भांडली होती. अकरा वर्षं तिनं सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिली. सुरुवातीला प्रोग्रामरना शंका विचारायची, तर एक जण खेकसला, “सगळं कोडमध्ये आहे, वाचा की!” बया खरंच वाचायला बसली. दोन वर्षांत स्वतः प्रोग्राम लिहायला लागली. घरी भावजय म्हणायची, “वन्सं, त्या यंत्राशी बोलता त्याच्या निम्मं तरी आमच्याशी बोला.”

मग कंपनीनं लिहिणाऱ्यांचा विभागच गुंडाळला. चौदा महिने नुसते अर्ज आणि नकार. शेवटी एका संस्थेत प्रोग्रामरची जागा निघाली, वयाची अट पंचेचाळीस. तिला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होतात. यानंतर दार बंद.

मुलाखतीत साहेबांनी एक छापील कागद पुढं सरकवला. “पदवी नाही तुमच्याकडं. निदान असं तरी लिहिता येतं का?”

तिचंच पान!

“सर, हे मीच लिहिलंय.”

“हो? मग नाव कुठंय?”

“नाव घालत नाहीत. पण चौथी पायरी चुकलीय. मी लिहिल्यावर कोड बदलला, मला दुरुस्ती करू दिली नाही. आत्ता करून बघा.”

त्यांनी करून बघितलं. चूक निघाली.

“म्हणजे तुम्ही चुकीचं लिहिता!” साहेब हसले. शेजारचे दोघंही हसले. अर्ज नामंजूर.

तिथून ती थेट आमच्या कर्मचारी संघटनेच्या खोलीत आली. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. पाणीसुद्धा घेईना. “पान माझं नाही म्हणतात,” ती म्हणाली, “आणि चूक मात्र माझी. आता कुठं जाऊ हो मी?”

माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी अपील ठोकलं. संस्थेचं उत्तर आलं: जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाचं लेखी द्या, गुरुवारच्या आत. जुन्या कंपनीनं तर फोनच उचलला नाही. मग मी तिच्या नऊ सहकाऱ्यांना फोन केले. “हो, तिनंच लिहिलंय,” सगळे म्हणाले. सही मागितली की फोन बंद. एक जण तर म्हणाला, “आम्हालाही पोट आहे.” तिला नाही काय?

कालपासून ती फोन हातातून ठेवत नाही. वाजला की दचकते.

त्या कंपनीत तिच्या आजूबाजूला बसलेल्यांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असाल, तर एकच ओळ लिहा: हे पान तिनं लिहिलं, मी पाहिलंय. खाली सही करा आणि बुधवारी संध्याकाळच्या आत आमच्याकडं आणून द्या.