करिष्माच्या तारा, सुनिताचा पदर

आमच्या सुनितासारखी हट्टी बाई सगळ्या शिरूर कासारात दुसरी दाखवा, मी माझं नाव बदलीन. ती माझी धाकटी जाऊ. मी गीताबाई, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आन तोंडानं लई फटकळ. पण तिच्यापुढं माझं काही चालत न्हाई.

लग्न होऊन आली तवा गल्लीतल्या बायांनी पहिल्याच दिवशी तिला ‘दातरी’ म्हणून टाकलं. पुढचे दात जरा बाहेर, एवढंच. मेल्यांच्या जिभेला काही हाड हाय का? तवापासून सुनिताचा पदर तोंडावर गेला तो गेलाच. हसायचं झालं की आधी पदर, मग हसू.

तिची पोरगी करिष्मा. तिचे दातबी आईवरच गेले. शाळेत पोरं चिडवायला लागली, तशी पोरगी तोंडावर हात धरून हसायला लागली. झालं! सुनिता उठली, दोन शेळ्या विकल्या, आन नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला, बजरंगला घेऊन पोरीसकट निघाली बीडला, दातांच्या डॉक्टरीणबाईकडं. मीबी गेलते, म्हटलं बघू तरी.

बाईंनी तिघांनाबी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? बजरंग म्हणला, “दिवाळीपर्यंत दात सरळ करा. उद्या हिच्या लग्नात कुणी नाव ठेवाय नको.” करिष्मा म्हणली, “मला फोटोत तोंड मिटून उभं राहायचा कंटाळा आलाय.” सुनिता पदराआडून म्हणली, “हिनं तोंडावर हात न घेता हसावं. बाकी कायबी नको.”

“दातांचं मी बघते, ताई,” बाई म्हणाल्या, “पण तारा बसवून दोन वर्षं धरा. दर महिन्याला तार आवळायला यावं लागेल. आणि कडक काही चावायचं नाही. ऊस तर अजिबात नाही.”

बजरंग उठलाच. “आमी ऊसतोडीला जाणारी माणसं! सहा महिने बाहेर. महिन्याच्या महिन्याला कोण येणार?”

“मी येणार,” सुनिता म्हणली. विषय संपला.

दोन्ही साली तिनं लांबच्या कारखान्याला जायचं न्हाई म्हणून हट्ट धरला आन जवळच्या फडावर जाणारी टोळी धरली. करिष्मा शाळेसाठी माझ्याकडं. दर महिन्याला अवस झाली की सुनिता पोरीला बीडला न्यायला येष्टीनं हजर, आदल्या दिवशी उसाच्या दुप्पट मोळ्या बांधून. हाताला पाचटानं चिरलेलं असायचं. आन ऐका, पोरीला ऊस चालत न्हाई म्हणून हिनंबी दोन वर्षं उसाचं कांडं तोंडाला लावलं न्हाई. उसाच्या फडात राहून! मी म्हटलं, “तुझ्या दाताला कुठं तार हाय गं, येडे?” तर म्हणती, “तिला एकटीलाच का म्हणून बंदी, बाई?” आता हिला काय बोलावं! मला तिचं लई कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

यंदा तारा निघाल्या. दात असे एकसारखे, मक्याच्या कणसावाणी. त्या दिवशी सांजच्याला आमी सगळे अंगणात बसलेलो. बजरंग फडातली गंमत सांगत होता: बैलानं मुकादमाची टोपी तोंडात धरलेली, आन मुकादम कानाला मोबाईल लावून ‘हॅलो, हॅलो’ करत बैलामागं पळतोय. आमी पोट धरून हसलो. करिष्माबी हसली, आन तिचा हात गेला तोंडावर.



“अगं, मग दोन वर्षं तारा घातल्या कशाला?” बजरंग खेकसला.

पोरगी रडकुंडीला आली. “मला कळतच न्हाई हात कधी जातो ते. आईबी तशीच हसती की.”

सुनिताच्या तोंडावर पदर होताच. ती पोरीकडं बघत राहिली. मी म्हटलं, आता ही रडती. रडती कसली! तिनं तोंडावरचा पदर काढला आन कमरेला खोचला, फडात कोयता उचलताना खोचती तसा. बजरंगला म्हणली, “ते बैलाचं परत सांगा.”

“आता? परत?”

“सांगा म्हणते ना!”

त्यानं सांगितलं. दुसऱ्यांदा त्यात काही राम राहिला नव्हता, पण सुनिता हसली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, पुढचे दात सगळ्या गल्लीला दिसतील असं. इतक्या वर्षांत मी तिचं हसू पहिल्यांदा बघितलं, आन माझे डोळे भरून आले. करिष्मा आईकडं बघतच बसली. मग तिलाबी हसू फुटलं, आन तिचे दोन्ही हात मांडीवरच राहिले.