हक्कसोडीची साडी

आक्काच्या शोकसभेत माझा भाऊ बोलायला उभा राह्यला आणि मला ठसकाच लागला. "आक्कानं आम्हाला शिकवलं, बहिणीचा हक्क बहिणीला द्या," असं म्हणाला तो, माईक धरून, डोळे पुसत. टाळ्या पडल्या. मेल्याला लाज कशी ती न्हाई! दोनच दिवसांपूर्वी त्यानं मला फोन केल्ता, "हक्कसोडीचे कागद तयार हायेत. शोकसभेला येशीलच, तवाच सही करून जा. एका खेपेत दोन्ही कामं."

आक्का आमच्या माहेरच्या गावची. नवऱ्यानं टाकलेली, शिलाई मशीनवर पोट भरणारी, जिभेची तिखट. तिचा एकच हट्ट होता, बापाच्या जमिनीतला लेकीचा हिस्सा सोडायचा न्हाई. आमच्याकडं बाप गेला की भाऊ बहिणींना तालुक्याला नेतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात. बाहेर आल्यावर भावजय ओटी भरून साडी देते, मंग सगळे मिळून हॉटेलात भजे खातात. आक्का रजिस्ट्री कचेरीच्या फाटकाशी उभी राहून ओरडायची, "बायांनो, साडी बिनधास्त घ्या, सही करू नका!" लोक शिव्या द्यायचे. एका भावानं तर तिच्या अंगावर चहा फेकला. तिनं पदर झटकला आणि म्हणाली, "साखर कमी हाय रे."

आत साहेब विचारतात, "कुणाचा दबाव तर न्हाई ना?" बाया खाली बघून न्हाई म्हणतात, खेळ खलास. म्हणून आक्का दुपारची मारुतीच्या पारावर तालीम घ्यायची. साहेब मी व्हायचे. दहावी शिकलेली, डोळ्याला चष्मा, आवाज खणखणीत. लग्नानंतरही माहेरी आले की आक्का मला ओढून न्यायचीच. मी दटावून विचारायचे आणि समोरच्या बाईनं माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "हाय साहेब, दबाव हाय." किती जणींच्या तोंडून मी ते वदवून घेतलं! माझी आईसुद्धा यायची. मागं बसून शेंगा फोडायची, एक शब्द बोलायची न्हाई. तिनं तिच्या भावाला कधीचीच सही दिल्ती. मला वाटायचं, वेळ घालवायला येते.

तर फोनवर मी भावाला म्हणाले, "मला माझा हिस्सा पाहिजे."

"घे की. पण मंग आईला तुझ्याकडं ने. न्हाईतर तिला भेटायला माझ्या दारात यायचं न्हाई."

बाप गेल्यापासून आई भावाकडंच, अंथरुणाला खिळलेली. सासरी मंठ्याला आमच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत सासू पडून. त्याला सगळं बराबर ठाऊक होतं. जमीन गेली तर गेली, आईचं दार बंद व्हायला नको, एवढंच माझ्या डोक्यात राह्यलं.

शोकसभा संपली तसे त्याच्याच जीपनं तालुक्याला गेलो. काचेवर श्रद्धांजलीचा आक्काचा फोटो, खाली भावाचं नाव. कचेरीच्या फाटकाशी रसवंतीचं गाडं तेवढं उभं होतं. वाटलं, कुणीतरी ओरडावं, शिवी द्यावी, दंडाला धरून मागं ओढावं. पण ओरडणार कोण? आक्कामागं ते काम माझं होतं, आणि मी तर आत चालले होते.

साहेब भला माणूस निघाला. त्यानं भावाला बाहेर काढलं, दार लोटलं आणि चष्म्यावरून बघत माझाच प्रश्न मला विचारला. मी खाली बघितलं.

"न्हाई साहेब. राजीखुशीनं देते."

खणखणीत म्हणाले. जळो तो आवाज!

भावजयीनं ओटी भरली, मोरपंखी साडी दिली, तिथंच खांद्यावर टाकली. हॉटेलात भजे आले. मी खाल्ले. भूक लागल्ती, खोटं कशाला सांगू?

भावाच्या घरी येऊन आईच्या उशाशी बसले. साडी बघून ती काय समजायचं ते समजली. ती साडी आमच्यात कुणाला सांगावी लागत न्हाई.

"केलीस सही?"

"केली गं. तुझ्याकडं येता यावं म्हणून केली."

ती हळू म्हणाली, "मी पारावर उगं बसत न्हवते. मला वाटायचं, माझी लेक तरी सही न्हाई द्यायची."

आता मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. भाऊ हसून दार उघडतो, भावजय चहा आणते. आई माझा आवाज ऐकते आणि भिंतीकडं तोंड फिरवते.