थूल सरांनी वैलावर ठेवलेलं

थूल सर कुठलाही कागद हातात आला की आधी उलटा करून मागची बाजू पाहत. लग्नपत्रिका असो, परिपत्रक असो, नाहीतर मी फिरवलेली पर्यवेक्षणाची यादी. माझ्या यादीच्या मागे कधीच काही नसे, तरी ते खात्री करून घेत. "कोरं आहे," म्हणत आणि मग पुढून वाचायला लागत. तळेगावच्या आमच्या शाळेत मी परीक्षा विभाग सांभाळते. माझी कामं ठरल्या वेळी होतात, आणि सरांच्या या सवयीमुळे माझी प्रत्येक यादी अर्धा तास उशिरा परत यायची. एवढा संशय घेणारा माणूस स्वतः काहीतरी लपवत असणार, असं माझं मत झालं होतं.

सर इंग्रजी शिकवायचे. गाइडवर त्यांचा विशेष राग. एकदा मधल्या सुट्टीत ते दहावीचं गाइड माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "मॅडम, हे पाहा. 'पुट ऑन द बॅक बर्नर' म्हणजे काय? तर म्हणे काम रद्द करणे! लिहिणाऱ्यानं कधी सैपाक केला का?"

"मग अर्थ काय?"

"काम मागं ठेवणं. आज नाई, मंग करू. रद्द वेगळं, मागं वेगळं. तिकडच्या शेगडीले चार बर्नर राह्यते म्हणे. पुढचे मोठे, मागचे बारके. घाईचं पुढं, बिनघाईचं मागं मंद आचेवर."

"म्हणे?"

"म्हणेच. मी कुठं पाह्यली ती शेगडी?"

वर्गात मुलांनाही हे पटेना. आपल्या गॅसचे दोन बर्नर शेजारीशेजारी, मागचा कोणता म्हणायचा? सरांनी अख्खा वर्ग उठवला आणि खिचडीच्या शेडमध्ये नेला. त्या दिवशी सिलिंडर संपला होता, म्हणून सुलाबाई मातीच्या चुलीवर भात शिजवत होत्या. चुलीच्या मागच्या अंगाला वैल होता. जाळ पुढच्या तोंडात, आणि उरलेली आच आतल्या आत या मागच्या लहान तोंडाकडे जाते. त्यावर वरणाचं पातेलं ठेवलेलं.

"बाई, वैलावर काय ठेवता?" सरांनी उलटतपासणी सुरू केली.

"जे पळून नाई जात ते," सुलाबाई म्हणाल्या. "वरण, पाणी."

"आन विसरल्या तर?"

"विसरलं तर तेबी करपते. फक्त वास उशिरा येते."

पोरं हसली. एकाने विचारलं, "सर, इंग्रजांनी हे आपल्याकडून चोरलं का?"

"पुरावा?" सर म्हणाले. "चूल साऱ्या दुनियेत आहे. हे पहिल्यांदा कोण बोललं, कुठं बोललं, मले माहीत नाई. आन ज्याले पक्कं माहीत आहे, त्याच्यावर आधी डाऊट घेजा."

माझ्या खिडकीतून मी हे पाहत होते. माझ्या वेळापत्रकात इंग्रजीच्या तासाला खिचडीच्या शेडची नोंद नव्हती, म्हणून त्यांना मेमो द्यावा का असाही विचार केला. दिला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ शाळेत कागद घेऊन आला. बाबांना जाऊन महिना झाला होता. "ताई, फक्त सही. तलाठ्याकडे द्यायचं आहे," म्हणून तो पानाच्या गाडीवर गेला. मी पेन काढलं. कामं साठवून ठेवणं मला जमत नाही. शेजारी बसलेल्या सरांनी न विचारता कागद ओढला आणि उलटा केला.

"हक्कसोड आहे," ते म्हणाले. "पुढं एका वावराचा गट नंबर. मागं दुसऱ्याचा. दुसरं वावर माहीत आहे तुम्हाले?"

बाबांचं आणखी एक शेत होतं, हे मला माहीत नव्हतं.

"मंग आज सही नका करू. फाडूबी नका. वैलावर ठेवा."

मला राग आला. माझ्या घरच्या गोष्टीत हे कोण? बहीण-भावात लावून देण्यात यांचा काय फायदा? भाऊ परत आला, त्याला कागद सरांच्या हातात दिसला; मला "घरी वाचते" एवढंच म्हणता आलं. तो हसला, "त्या मास्तरचं ऐकून राह्यली का? त्याले आपल्या सावलीवरबी भरोसा नाई." मोटारसायकलला जोरात किक मारून गेला.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी सरांना अडवलं. "माझ्या भावावर तुमचा एवढा संशय का?"

"तुमच्या भावाले मी ओळखत नाई," सर म्हणाले. "मी मले ओळखतो."

पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गेले तेव्हा, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी मोठ्या बहिणीची अशीच सही घेतली होती. तिने विचारलं होतं, "भाऊ, काय लिहिलं याच्यात?" हे म्हणाले होते, "काही नाई, तलाठ्याचं काम." मागचं पान त्यांनी दाखवलंच नाही.

"तवा मी स्टेजवर मुलींच्या हक्काचं भाषण देत होतो, मॅडम. टाळ्या पडत."

"मग परत का नाही दिलं?"

"देतोच म्हटलं. रद्द नाई केलं कधी. या उन्हाळ्यात देऊ, पोरीचं लग्न झाल्यावर देऊ, रिटायर झाल्यावर देऊ. मागच्या साली बहीणच गेली."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. सांत्वन करणं मला फारसं येत नाही. मी डायरी उघडली. "बहिणीला मूलबाळ?"

"एक पोरगी. वंदना. गिरडले दिली. माह्याशी बोलत नाई."

"मग तिच्या नावाने करता येईल. बक्षीसपत्र. तारीख सांगा."

"पाहू न. सत्र संपू द्या."

"सर, सत्र दरवर्षी संपतं."

सरांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, "तुम्हीच लिहा तारीख. माह्यावर माहा भरोसा नाई."

मी त्या महिन्यातला पहिला मोकळा शनिवार काढला, दुय्यम निबंधक कार्यालय चालू आहे की नाही ते फोन करून विचारलं, ते बंद असतं म्हणाले, म्हणून पुढचा सोमवार केला. त्याआधी माझ्या भावाला मी सांगून टाकलं की दोन्ही वावरांवर माझं नाव राहील. तो दोन महिने बोलला नाही. आता बोलतो, पण जपून.

सोमवारी तालुक्याला, आष्टीच्या कार्यालयात साक्षीदार म्हणून मी आणि शाळेचे बाबू हजर होतो. वंदना नवऱ्याला घेऊन आली. तिने मामाला नमस्कार केला नाही. बाकावर दूर बसली आणि तिथूनच विचारलं, "एवढ्या वर्षांनी काऊन? माह्याकडून काय लिहून पाह्यजे?"

"काही नाई, बाई."

"'काही नाई' तुम्ही आईलेबी म्हटलं होतं."

सरांचा चेहरा उतरला. "तिले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. बाबा म्हणत, केस टाकू. आई टाकू देत नव्हती. म्हणे, माहा भाऊ आहे, आज नाई तर उद्या येईलच."

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. वंदनाने दस्त हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. ती सावकाश वाचत होती. खिडकीमागचा माणूस खेकसला, "घरून वाचून येत जा न! मागं लाईन आहे."

"वाचू द्या तिले," सर म्हणाले. आवाज एवढा चढला की रांगेतली माणसं वळली. "आमचा नंबर गेला तरी चालन. तिले पूर्ण वाचू द्या."

तिने पूर्ण वाचलं. दोन जागी थांबून मला अर्थ विचारला, मामाला नाही. मग सही केली. बाहेर सरांनी चहा विचारला तर म्हणाली, "सातबारावर नाव चढू द्या, मंग पाहू," आणि नवऱ्यामागे बसस्टँडकडे निघून गेली. तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

फेरफार व्हायला वेळ लागला. सर मधल्या काळात निवृत्त झाले, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेले. जाण्याआधी, एका दुपारी मी निकालपत्रकं तपासत होते तेव्हा त्यांचा फोन आला.

"मॅडम, वंदनाचा फोन आला होता. नाव चढलं म्हणे."

"अजून काय म्हणाली?"

"बाकी काही नाई बोलली," सर म्हणाले. मग जरा थांबून, "एवढंच विचारलं, मामा, जेवले का."