अल ऐनच्या किल्ल्यातली चार फुलं

अल ऐनला निघालो तेव्हा संदीपची नोकरी जाऊन नऊ दिवस झाले होते आणि सासूबाईंना त्याचा पत्ताही नव्हता. त्या दोन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. त्या परत गेल्यावरच सांगायचं, असं आम्हा नवराबायकोचं ठरलेलं. घरात बसलं की माझ्या तोंडून काहीतरी निसटेल ही धास्ती, म्हणून शनिवारी हा प्रवास.

आखातात आम्ही राहतो त्या मोहम्मद बिन झायद सिटीतून दीड तासाचा रस्ता. संदीप दोनदा एक्झिट चुकला. एरवी मी चांगलं तोंडसुख घेतलं असतं. त्या दिवशी मोबाईलवर रस्ता बघून देत राहिले. वाटेत करक (उकळून दाट केलेला दुधाचा चहा) घेतला. "साखर काय सढळ हाताने घालतात बाई!" म्हणत सासूबाईंनी दोन कप संपवले.

किल्ला मातीचा, बाहेरून अगदी रुक्ष. आत मात्र जुन्या अरबी धाटणीची चौकोनी बाग, मधोमध कारंजं, चारी दिशांना फलज (पाणी खेळवायचे पाट), कडेला तगरीची झुडपं. जीव निवावा अशी जागा, पण माझं लक्ष कुठे होतं? संदीप दर मिनिटाला इंटरव्ह्यूची मेल आली का बघत होता आणि मी त्याचा चेहरा.

"आजी, नॉट अलाउड!" आमची लेक मीरा ओरडली. सासूबाई वाकून तगर खुडत होत्या. पुण्यात सकाळी फिरताना देवासाठी आणतात, तशी. शेजारीच दंडाची पाटी, आणि समोरून रखवालदार येत होता.

"अहो आई, काय करताय! याची नोकरी गेलीय, व्हिसा कॅन्सल होतोय, त्यात हे लचांड मागे लागलं तर?" मी बोलून बसले.

रखवालदाराने त्यांच्या हातातली चार फुलं पाहिली. "अम्मा, इधर तोडना मना है. खलास, अब मत करना," म्हणून तो निघूनही गेला.

सासूबाई संदीपकडे बघत राहिल्या. "म्हणजे... तुम्ही घरी येणार?" त्यांचा चेहरा असा काही खुलला! पुढच्याच क्षणी त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई, काय बोलले मी हे! पोराची नोकरी गेली, आणि मी..."

"असू दे गं आई," संदीप म्हणाला.

परतीच्या वाटेवर मला स्वतःचीच लाज वाटत होती. 'परत जावं लागेल' हे शब्द आम्ही नऊ दिवस कुजबुजत बोललो होतो. याच शब्दांची ही बाई, आम्ही इथे आल्यापासून अकरा वर्षं, वाट बघत असेल, हे मला कधी सुचलंच नाही.

"आई, अजून काही नक्की नाहीये," संदीप गाडी चालवता चालवता म्हणाला.

"हो रे. मिळेल तुला इथेच दुसरी," त्या म्हणाल्या. इतका पडलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.