मंदाचा उजवा डोळा

मंदा कॅन्सरने गेली नाही, हे आधीच सांगून टाकते. गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा फोन आला, आणि तेव्हापासून जो भेटतो तो ‘बिचारी, तो डोळ्याचा कॅन्सर ना...’ म्हणून सुस्कारा सोडतो. अहो, तो पंचाऐंशी-शहाऐंशी साली झाला होता आणि तेव्हाच तिने त्याला घालवला होता. ती गेली म्हातारपणाने, हृदय थकून. आणि बिचारी तर ती कधीच नव्हती.

मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात आम्ही शेजारी बसायचो. इंजेक्शनच्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या, आत कण, केस, काच काही तरंगतंय का बघायचं, हेच काम. नजर गेली की टेबल गेलं. तिच्या उजव्या डोळ्यात, खालच्या पापणीच्या आत गुलाबी मांस दिसायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, डोळे आले. डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात, म्हणून बायका भिंतीकडे बघत तिच्याशी बोलायच्या. मंदा मुद्दाम पुढ्यात जाऊन उभी राहायची. “बघा गं, नीट बघा. येतात का बघू तरी!”

तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, लिम्फोमा. डोळ्यावरच्या पातळ आवरणाचा, क्वचित होणारा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, “हा किरणांनी लवकर विरघळतो. एरवी कित्येक आठवडे देतात, पण त्याने डोळा कोरडा पडतो, मोतीबिंदू होतो. थोडक्यात भागतंय का बघू. नाही भागलं तर मोठा कोर्स आहेच.” घाटकोपरला तिच्या घरी रडारड झाली. सासूबाई मालवणच्या. “डोळो जातलो गो तुझो! देवाक गाऱ्हाणा घालूक व्हया.”

“गाऱ्हाणं तुम्ही घाला, आई. किरण मी घेते.”

मीही घाबरूनच विचारलं, “अर्धवट उपचाराने वाट लागली तर?”

“लागली तर पुढचं पुढे. पण पूर्ण उपचाराने नजर गेली, तर मी काय खोक्यांना लेबलं चिकटवत बसू?”

थोड्याच दिवसांत किरण आटोपले. डोळा आधी आणखी लाल झाला. सुपरवायझरने पॅकिंगला जा म्हणून सुचवलं, ती जागची हलली नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी माझ्यासमोर पापणी खाली ओढून म्हणाली, “काय दिसतंय?” गुलाबी काहीच नव्हतं. मला रडू फुटलं. “रडतेस काय? चल, बाटल्या उचल.”

निवृत्तीनंतर तिला नेत्रदानाचा अर्ज भरायचा होता. डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या आजारामुळे तुमचे डोळे घेता येणार नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाली, “नको तर नको. मीच वापरून संपवते.”

गेली त्या दुपारी ती खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. मी पोचले तेव्हा निवडलेली अर्धी जुडी ताटात होती. कुणाला काही सुचेना म्हणून ते ताट मीच आत घेऊन गेले आणि ओट्याशी उभी राहून उगाच पानं चाळली. एकसुद्धा पिवळं पान सापडलं नाही.