भुसावळात ऐकलेले ब्राझीलचे ढोल

"तू बाकावर बोटं वाजवणं थांबव, नाहीतर एक ढोल तरी विकत घे," जळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात माझी मैत्रीण रोझी मला म्हणाली होती. सगळा वर्ग हसला, मीही हसले. ढोल वाजवायची हौस मात्र गेली नाही. पुढे सासरी, धुळ्याला, ढोल घरातच होता. पण तो वाजवणार थोरले दीर, आबा. श्रावणात घरी बसवतात त्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत आम्ही बायकांनी नाचायचं, ढोलाला हात लावायचा नाही.

यंदा श्रावणात भुसावळहून रोझीचा निरोप आला. तिच्या बोटीवर नोकरीला असलेल्या दिरानं ब्राझीलहून एक रेकॉर्ड आणली होती. कानबाई रविवारी बसायची होती, तरी शुक्रवारी निघाले.

सकाळची पहिली एसटी धरावी. पारोळ्याला चहा होतो, एरंडोलनंतर रस्ता हाडं खिळखिळी करतो, पण दोन्ही बाजूंची कपाशी हिरवीगार असते. जळगावला स्टेशनाबाहेर शेवभाजी खाल्ली. चातुर्मासात आमच्यात वांगं चालत नाही, म्हणून भरीत राहिलं. पुढे पॅसेंजरनं केळीच्या बागा बघत भुसावळ.

रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर रोझी उभीच होती. "बोटं आणलीस ना बरोबर?"

आत जाताच तिनं रेकॉर्डवर सुई टेकवली. आधी एक शिट्टी, मग जमिनीतून यावा तसा मोठ्या ढोलाचा ठोका. दुसऱ्या ढोलानं त्याला उत्तर दिलं. वरून लहान ढोलकांची सर, लोखंडी घंटेची टिकटिक आणि मधेच कोणीतरी हुंदके देत हसावं तसा आवाज. तेही एक चामड्याचं वाद्यच, आत काडी घासून वाजवतात, असं रोझी म्हणाली. इतके हात, पण कोणी कोणाच्या अंगावर पडत नव्हतं. माझा तळवा टेबलावर कधी चालायला लागला, कळलंच नाही.

तेवढ्यात शेजारच्या अक्का हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात. "अवं माय, आजच कानबाई निघनी का? कोठे शे मिरवनूक?"

रोझीनं ग्रामोफोनकडे बोट दाखवलं. अक्कांनी ताटासकट आत येऊन तबकडी निरखली. "हाई ते बठ्ठा ढोलच शेतस! गानारा कोठे गया?"

"हो, सगळे ढोलच. गाणारा नाहीच, अक्का," रोझी म्हणाली.

"मंग बरं शे. परत लाव."

तीनदा ऐकलं. वेष्टनावर वादकांचा फोटो होता. पुरुषांच्या रांगेत एक बाई, माझ्याच वयाची असेल, पोटाशी मोठा ढोल बांधून, मान वर करून चाललेली. मी तो फोटो बराच वेळ हातात धरून बसले. अक्कांनी कुंकवाचं बोट ग्रामोफोनच्या पेटीला लावलं आणि गेल्या.

शनिवारी संध्याकाळी धुळ्याला परतले. जायला कष्ट पडले, पण त्या मानानं फार मोठं काही मिळालं. त्या बाईचं नाव, गाव, भाषा, काही मला ठाऊक नाही. तिला तो ढोल कोणी दिला असेल, हे मात्र सारखं मनात येतं.

रविवारी कानबाई बसली, नैवेद्याचे रोट झाले. दुपारी आबा अंगणात ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. ते काय म्हणणार, मला ठाऊक होतं. त्यांनी आयुष्यात हा ढोल स्वतःच्या भावालाही दिलेला नाही. मी चहाचा कप खाली ठेवला.

"आबा, उद्या मिरवणुकीत गल्लीच्या तोंडापर्यंत ढोल मी वाजवू?"